सात नंबरची फर्माईश

खाडीच्या या अंगाला भुताला न घाबरणारा गडी एकच, आणि तो म्हणजे मी. आता खरंच विचाराल, तर रात्री लघवीला उठलो की मी बायकोला हाक मारतो, आणि ती कूस बदलून म्हणते, "जा एकटे. तुमचं तोंड बघून भूतच पळंल." तेव्हा माझं राहू द्या. ही गोष्ट सितारामची. सिताराम माझ्याहूनही भित्रा, आणि त्याच्यावर वेळ आली ती भर दुपारी तीन वाजता. दुपारी तीनला माणसाने कुणाला हाक मारायची, सांगा बघू.

सिताराम करावे गावचा. बाप खाडीत जाळं टाकायचा, आणि हा आगरी-कोळ्यांच्या हळदीत बेंजो वाजवायचा. बेंजोवरून कॅसिओवर आला आणि कॅसिओवरून थेट वाशीच्या हॉटेल नीलतरंगात. तिथे तळघरात एक लाउंज होता, 'कोरल रूम'. लाल मखमलीचे सोफे, छताला आरशांचा गोळा, भिंतीत मासे ठेवायची काचपेटी आणि कोपऱ्यात प्लास्टिकचे माड. बाहेर रस्त्याला खरे माड उभे होते, पण त्यांच्याकडे बघायला कोण दारू पिऊन बसतो? सिताराम म्हणायचा, "माझ्या बापानं जनमभर मासं पान्यातनं भायेर काढलं, आन ह्या लोकांनी परत पान्यात घातलं."

बँड चौघांचा. ड्रम, गिटार, सितारामचा ऑर्गन आणि गाणारी गोजरा. छातीवर झालरी लावलेले साटीनचे शर्ट घालून हे वीर उभे राहायचे, जसे वाढदिवसाचे केकच. मॅनेजरने नावंही बदलून टाकली होती. सिताराम झाला 'सॅमी'. गोजरा मूळची बीडकडची, घणसोली गावात भावाच्या भाड्याच्या खोलीत राहणारी, सावळी, नाकात चमकी. ती झाली 'मिस ग्लोरिया'. इंग्रजी गाणी दोघं दोनशे पानी वहीत देवनागरीत उतरवून घ्यायचे. अर्थ विचारायचा नाही. एकदा एका जोडप्याच्या लग्नाच्या वाढदिवसाला गोजराने एक गाणं इतकं हसून हसून म्हटलं, की शेवटी नवरा उठून आला आणि हात जोडून म्हणाला, "बाई, पुरे. हे घटस्फोटाचं गाणं आहे."

गाण्याआधी ती दाढेत लवंग धरायची, आवाज फाटू नये म्हणून. माइकमधून गाणं यायचं आणि माइकच्या मागून लवंगेचा वास. ऑर्गनवाल्याच्या वाट्याला वासच जास्त.

हे सगळं पंचवीस वर्षांपूर्वी संपलं. गाणं वाजवणारं यंत्र आलं आणि माणसं घरी गेली. पुढे हॉटेलही बंद पडलं.

गेल्या फाल्गुनात सितारामला शहाजीचा फोन आला. शहाजी म्हणजे कोरल रूमचा हेड वेटर. हॉटेलचे मालक बदलत गेले, पण हा काही तिथून हलला नाही. वेटरचा राखणदार झाला, इतकंच.

"सॅमी, उद्या पाडापाडी सुरू होतीय. तुझा ऑर्गन खाली पडलाय. नेतोस, का भंगारात देऊ?"

"पंचवीस वर्सं आठवला नाय, आन आज आठवला?"

"ऑर्गन निमित्त हाय रं. तुझी एक वस्तू आलीय. ये."

रविवारी माणूस मटण आणायला जातो ना, तसाच सहज सिताराम निघाला. रिक्षा केली. बाहेर ऊन असं, की डांबर चपलेला चिकटत होतं. शहाजी फाटकात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून कलिंगड खात होता. त्याने बिया थुंकल्या, हात लुंगीला पुसला आणि खुर्चीखालून एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला.

"गोजराची भाची देऊन गेली. संघमित्रा. आत्यानं सांगून ठेवलं हुतं म्हणं, हा डबा सॅमीला द्या."

सितारामने डबा घेतला. हलवला. आत पुठ्ठा पुठ्ठ्यावर घासल्याचा आवाज आला. तो फाटकाच्या कट्ट्यावर बसला.

गोजरा त्याआधीच्या श्रावणात गेली. सितारामला कळलं होतं. धुतलेला शर्ट घालून तो घणसोलीला जायला निघालाही होता. स्टॉपवर दोन बसा आल्या आणि गेल्या. मग तो उठून घरी परत आला. का, ते डब्यात होतं.

आता फर्माइशीची रीत सांगतो. कोरल रूममध्ये गिऱ्हाइकाला गाणं हवं असलं, तर तो ग्लासाखालची पुठ्ठ्याची गोल चकती काढायचा, मागच्या बाजूला गाणं आणि टेबल नंबर लिहायचा आणि वेटरच्या हाती द्यायचा. वेटर ती ऑर्गनवर आणून ठेवायचा. गुरुवारी लाउंज ओस पडायचा, कारण अर्धं गिऱ्हाईक गुरुवार पाळणारं. बाकी सहा दिवस पाप करणाऱ्याला एक दिवस देव लागतोच. अशाच एका गुरुवारी रिकाम्या सोफ्यांपुढे गाऊन गाऊन गोजरा रडवेली झाली. तेव्हा सितारामने गंमत म्हणून एक चकती घेतली, डाव्या हाताने लिहिलं आणि शहाजीकरवी पाठवली. 'सात नंबर. तेच गाणं परत म्हणा.'

सात नंबर म्हणजे खांबाआडचं टेबल. स्टेजवरून तिथला माणूस दिसत नाही, नुसता ग्लास दिसतो. शहाजीने तिथे लिंबू सोड्याचा एक ग्लास ठेवला, म्हणजे नाटक पुरं. गोजराने ग्लास पाहिला, चकती वाचली, आणि त्या संध्याकाळी ती अशी गायली, की स्वयंपाकघरातले लोक दारात येऊन उभे राहिले.

मग काय, दर गुरुवारी चकती. चकतीवाल्याला सितारामने कॅप्टन करून टाकलं. न्हावा-शेव्याच्या बंदरात त्याचं जहाज लागतं, चारचौघांत ओळख दाखवायला तो लाजतो, असं सगळं. आधी गाण्याची फर्माईश, मग हळूहळू दुसरंच. 'तुम्ही डोळे मिटता तेव्हा मला भीती वाटते.' 'आज लवंग जास्त झाली.' गोजरासाठी एक बँकेतलं स्थळ आलं, एक शाळामास्तर आला. तिने दोन्ही परत पाठवले. बँडवाले हसायचे, "मिस ग्लोरिया जहाजाची वाट बघतेय." सितारामही हसायचा. सगळ्यांत मोठ्याने तोच हसायचा. ओळखलंत ना? हसणाऱ्यातला जो सगळ्यांत मोठ्याने हसतो, त्याचंच काहीतरी जळत असतं.

त्याची आई हे ऐकून एकदा म्हणाली होती, "सित्या, जो जेवनारच नाय त्याच्या नावानं पान मांडू नको. मांडलेल्या पानावर कोन ना कोन जेवून जातंय." त्याने आईलाही हसून दाखवलं.

शेवटच्या गुरुवारी बँडचा शेवटचा दिवस होता. सितारामने शेवटची चकती लिहिली. 'गाणं संपल्यावर सात नंबरवर थांबा. मी येतो.' बँडवाल्याने गिऱ्हाइकाच्या सोफ्यावर बसायचं नाही, असा हॉटेलचा कडक नियम होता. पण त्या दिवसापासून ते दोघं बँडवाले राहणारच नव्हते. जाऊन समोर बसायचं आणि सांगून टाकायचं, गोजरे, कॅप्टन मीच. मारायचं तर मार, हसायचं तर हस, पण मग माझ्याबरोबर चल.

सांगायला तेवढं एक वाक्य होतं. तेही त्याने सांगितलं नाही.

पुढे घरच्यांनी त्याचं लग्न लावलं. शांती चांगली होती. तीही गेली. तिला त्याने आयुष्यात एक चिठ्ठी लिहिली नाही.

कट्ट्यावर बसून त्याने डबा मांडीवर घेतला.

"शहाजी, एक विचारू? सात नंबरचा लिंबू सोडा... तूच पियाचास ना?"

"मी? सोड्यानं मला ढेकरा येत्यात. ड्युटीवर कसा पिईन? मला वाटलं, तू ब्रेकमधी ढोसतोस."

दोघं खो खो हसले. शहाजी आधी थांबला.

"सॅमी... भाची एक सांगत हुती. आत्या दर गुरुवारी लिंबू सोड्याचं दोन ग्लास भरायची म्हणं. एक स्वतःला. दुसरा टेबलावर ठिवायची. सकाळी रिकामा."

"मांजर असंल."

"मांजर लिंबू पीत न्हाई, लेका."

सिताराम उठला. "खाली जातो. ऑर्गन बघतो." ऑर्गन त्याला नकोच होता. करावेतल्या दीड खोलीत तो ठेवायचा कुठे, सुनेच्या डोक्यावर? त्याला सात नंबरवर बसायचं होतं. उद्या ते टेबल राहणार नव्हतं, आणि ज्याला शब्द दिला ते माणूस तर आधीच राहिलं नव्हतं. निदान जागा आहे तोवर ते वाक्य त्या जागी ठेवून यायचं, एवढंच.

शहाजीने बॅटरीचा कंदील दिला. "मी येऊ?"

"नको. तू कलिंगड खा."

जिना उतरताना ऊन तीन पायऱ्या सोबत आलं आणि मग त्यानेही हात सोडला. तळघराला खिडकी नाही, वीज कधीच तोडलेली. बाहेर दुपार, आत कायमची रात्र. कुजलेल्या गालिच्याचा ओला वास. वरच्या रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज इथे पोचेपर्यंत कुणीतरी बंद तोंडाने गुणगुणल्यासारखा व्हायचा. कंदील हलला की छतावरच्या गोळ्यात दहा-बारा पिवळे ठिपके जागे व्हायचे आणि भिंतीवरून सावकाश चालत जायचे. काचपेटी कोरडी होती. तिच्या तळाशी प्लास्टिकचा पाणबुड्या आडवा पडला होता.

ऑर्गनवर बोटभर धूळ. सितारामने एक पट्टी दाबली. आवाज नाही, नुसतं लाकूड खाली गेलं आणि वर आलं. त्याला उगीच बरं वाटलं. माइकचा दांडा अजून उभा होता, गोजराच्या उंचीचा. तो काही त्याच्याने बघवला नाही.

खांबाला वळसा घालून तो सात नंबरवर आला. समोरासमोर दोन सोफे, मध्ये छोटं टेबल. पंचवीस वर्षं उशिरा का होईना, तो नियम मोडून बसला. कंदील टेबलावर ठेवला. उजेड टेबलाच्या पलीकडे समोरच्या सोफ्याच्या कडेपर्यंत जात होता, पाठीपर्यंत नाही. कडेच्या मखमलीवर एक खळगा होता, कुणी बराच वेळ बसून उठल्यासारखा. जुना सोफा, स्प्रिंग गेली असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. भित्रा माणूस स्वतःला फार छान समजावतो.

त्याने डबा उघडला. चकत्या एकावर एक नीट रचलेल्या. डाव्या हाताची वेडीवाकडी अक्षरं. तो एकेक उचलून कंदिलाशी धरू लागला. 'तेच गाणं परत.' 'आज साडी निळी का?' 'ताप असताना गाऊ नका.' ताप आला होता त्या दिवशी तिच्या कपाळाला हात लावायची त्याची छाती झाली नव्हती, म्हणून ते कॅप्टनने लिहिलं होतं.

त्याला चष्म्यातून दिसेना.

"गोजरे..." तो रिकाम्या अंधाराला म्हणाला. "कॅप्टन... तो मीच व्हतो गो."

झालं. वाक्य ठेवलं. आता उठायचं आणि जायचं. पण उठायच्या आधी त्याला वास आला. कुजट गालिच्याच्या वर, अगदी स्वच्छ, नुकत्या चावलेल्या लवंगेचा.

"माहीत होतं."

आवाज समोरच्या सोफ्यावरून आला. माइक नसताना ती बोलायची तसा, थोडा बसका.

सितारामने मान वर केली नाही. टेबलाच्या लाकडातल्या एका चिरेकडे तो बघत राहिला. त्या चिरेवरून नजर सुटली, तर आपणही सुटू असं त्याला वाटलं.

"कवापासून...?"

"पहिल्या गुरुवारपासून. गिऱ्हाइकाची चकती ओली असते, सित्या. तिच्यावर ग्लास ठेवलेला असतो. गोल डाग पडतो. तुझ्या सगळ्या कोरड्या ठणठणीत, गठ्ठ्यातून काढलेल्या. येडी समजलास मला?"

जगात त्याला 'सित्या' म्हणणारी दोनच माणसं, एक आई आणि एक ही. म्हाताऱ्याच्या गळ्यातून हसू आणि रडू एकदमच निघालं, आणि दारात गर्दी झाली की होतं तसं दोन्ही अडकून बसलं.

"मग बोललीस का नाय?"

"तू बोलशील म्हणून. स्थळं परत पाठवली, ती काय जहाजासाठी? मला तर मोरा बंदराच्या लाँचमध्येसुद्धा उलटी व्हायची."

"मी त्या दिवशी निघालो व्हतो... शप्पथ. शर्ट बदलला. त्या माशांच्या पेटीपर्यंत आलो. काचेतनं तू दिसलीस. केस सोडलेलं. हसत व्हतीस एकटीच. आन मना वाटलं, ही कॅप्टनसाठी हसते. माझं तोंड बघून ते हसू जाईल. मग मागच्या जिन्यानं..." त्याने बोटाने चष्मा पुसला. "ऑर्गन पन नाय नेला."

"तुझ्यासाठी हसत होते रे."

वरच्या रस्त्यावरून एक जड गाडी गेली. छतावरचा गोळा किंचित फिरला आणि पिवळे ठिपके भिंतीवर एक पाऊल सरकले.

"माफ कर गोजरे."

"केलं. कधीच केलं. त्यासाठी नाही बोलावलं तुला." आवाज खाली आला. कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून माणूस बोलतो तसा. "डब्याच्या तळाला बघ... हळू."

सितारामने राहिलेल्या चकत्या बाजूला केल्या. तळाशी कागदी रुमालात गुंडाळलेली एक होती. रुमाल बोटांना चिकटला. आतली चकती फुगलेली, गार, बर्फाचा ग्लास आत्ताच कुणी तिच्यावरून उचलावा तशी ओली. मधोमध पाण्याचा गोल डाग, आणि चकती तिरकी धरल्यावर त्यातलं पाणी कंदिलात चमकलं. तिच्यावर अक्षर डाव्या हाताचं. वळण त्याचंच, तोच काना, तीच मात्रा. शब्द एक.

'आलो.'

"हे... हे मी नाय लिवलं."

"माहीत आहे. ही ओली आहे."

"मग..."

"त्या दिवशी मी इथे बसले. लाजून डोळे मिटून घेतले. ही चकती माझ्या हाताला लागली. माझ्या बाजूला सोफा दबला. मला वाटलं, आलास. मी हात पुढे केला... धरला त्याने." ती थांबली. लवंगेच्या वासात आता दुसरा एक वास मिसळला होता, लिंबाचा, शिळ्या लिंबाचा. "घरी गेले तरी सोडला नाही. मेले तरी सोडला नाही. डोळे उघडून बघायची हिंमत मला आजपर्यंत झाली नाही, सित्या. म्हटलं, तू एकदा बघून सांग."

कंदील मंद होत चालला होता. उरलेल्या उजेडात सितारामने चिरेवरची नजर सोडली आणि समोरच्या सोफ्याच्या कडेकडे नेली. मखमलीवर आता एक खळगा नव्हता. दोन होते, एकमेकांना चिकटून, आणि दुसरा अजून सावकाश खोल जात होता.

"सांग ना... तू तर मागच्या जिन्याने गेलास. मग पंचवीस वर्षं मी कुणाचा हात धरून बसलेय?"